मराठी संगीत नाटक

मराठी संगीत नाटक हा गद्य संवाद आणि रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जाणारी पदे यांच्या मेळातून सिद्ध झालेला नाट्यप्रकार होय. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. या प्रकाराचा रीतसर आरंभ तेथून धरला जातो. नाटकातील गेय रचनेला पद किंवा नाट्यपद म्हणतात आणि ती गाण्याच्या पद्धतीला नाट्यसंगीत ही संज्ञा आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात, म्हणजे स्वच्छंदतावादी अथवा रोमँटिक कालखंडात, ऑपेरा या प्रकाराने जे स्थान मिळवले त्याच्या सर्वांत जवळ जाणारे असे मराठीत काही असेल, तर ते संगीत नाटक होय. या नाट्यप्रकाराचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहताना एक प्रश्न वारंवार समोर येतो : रंगमंचावरील गाणे नाटकातील पात्राचे असते की ते गाणाऱ्या नटाचे?

नाशिक शहराचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध येथील विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी झाला. साठोत्तरी संगीत रंगभूमीला नवे वळण देणारे दोन नाटककार याच गावचे रहिवासी होते.

ऑपेरा आणि संगीत नाटक

ऑपेराला मराठीत संगीतिका असा प्रतिशब्द आहे. संगीतिकेत साधारणपणे सर्व संवाद गायले जातात आणि वाद्यवृंद आरंभापासून अखेरपर्यंत नाट्याला साथ देत असतो. प्रत्येक स्वर संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेला असतो. गायकाला आणि वादकाला तो पाळावा लागतो. म्हणून ऑपेरा त्याच्या संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो. 'रिगोलेत्तो' (१८५१) म्हटले की व्हेर्दी आठवतो, त्याचा संहिताकार क्वचितच कोणाला आठवतो. मराठीत नेमके उलट घडले. 'सौभद्र' किर्लोस्करांचे, 'शारदा' देवलांची आणि 'स्वयंवर' खाडिलकरांचे, अशी नाटककाराच्या नावाने ओळख रूढ झाली. त्यानंतर नाव येते ते नटाचे. चाली देणारा बहुधा तिसऱ्या क्रमांकावर राहिला.

तरीही हे दोन प्रकार एकमेकांपासून फार दूर आहेत असे मानणे बरोबर होणार नाही. ऑपेरातही गद्य संवाद असलेले उपप्रकार होते. जर्मन रोमँटिक ऑपेराचा पाया मानला जाणारा वेबरचा 'डेर फ्रायशुट्झ' (बर्लिन, १८२१) हा बोललेल्या संवादांसह आहे. बिझेचा 'कार्मेन' (पॅरिस, १८७५) प्रथम रंगमंचावर आला तोही गद्य संवाद घेऊनच. या कृतींशी तुलना केली तर किर्लोस्करांची रचना परकी वाटत नाही. फरक आहे तो पदाच्या आतल्या मोकळीकीत. बेल्लिनी किंवा दोनिझेत्ती यांच्या नायिकेला अलंकरणाची काही मुभा असे; पण मराठी नटाला रागविस्तारासाठी मिळणारे अंगण त्याहून कितीतरी मोठे होते. आलाप, बोलतान, तान यांच्या साहाय्याने चार ओळींचे पद तो प्रेक्षकांच्या इच्छेप्रमाणे लांबवू शके. 'वन्समोअर'ची आरोळी आली की तेच पद पुन्हा, आणि दर वेळी वेगळे. हा आग्रह युरोपातही होता. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात टोस्कानिनी या संगीतसंचालकाने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला उघड विरोध केला. आपल्याकडे असा विरोध करणारा कोणी नव्हता, कारण वाद्यवृंदासमोर उभा राहून सर्वांना आवरणारा संचालकच नव्हता. ऑर्गन, सारंगी आणि तबला हे नटाच्या मागे चालत.

उगम : सांगली ते पुणे

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली 'सीतास्वयंवर' सादर केले. हा दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी जानेवारीत ड्रेस्डेन येथे वाग्नरचा 'डेर फ्लीगेंडे होलेंडर' रंगमंचावर आला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. मात्र काळाचे भान राहावे म्हणून हे लक्षात ठेवणे उपयोगी आहे. भाव्यांच्या नाटकात सर्व पदे सूत्रधार गात असे. पात्रे उभी राहून अभिनय करीत आणि संवाद ऐनवेळी, प्रसंगानुरूप बोलत. गाणारा एक आणि ज्याची कथा तो दुसरा, अशी ही विभागणी होती.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांनी ही विभागणी मोडली. पारशी मंडळींचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहून त्यांना मराठीत असा प्रयोग करण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'चे त्यांनी मराठी रूपांतर केले आणि पदे त्या त्या पात्राच्या तोंडी घातली. शकुंतलेचे दुःख आता सूत्रधार वर्णन करीत नव्हता, शकुंतला स्वतः गात होती. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यातील नवेपण चटकन ध्यानात येत नाही. पण संगीत नाटकाचा जन्म झाला तो याच बदलातून.

या नाटकात दोनशेच्या आसपास पदे होती. आजच्या प्रेक्षकाला ही संख्या अविश्वसनीय वाटेल. त्यांतील पुष्कळशी पदे साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा छोट्या रचनांची होती. दोनचार ओळी गाऊन पात्र पुन्हा बोलू लागे. बोलणे आणि गाणे यांतील अंतर त्यामुळे फार कमी होते. किर्लोस्कर बेळगाव परिसरातील गुर्लहोसूरचे. कीर्तन, लावणी, बायकांची घरगुती गाणी आणि कानडी मुलखातील कर्नाटकी धर्तीच्या चाली या साऱ्यांचा त्यांच्या पदांत मेळ आहे. शाकुंतलानंतर १८८२ साली 'संगीत सौभद्र'चे पहिले अंक रंगमंचावर आले. सुभद्राहरणाची पौराणिक कथा असूनही हे नाटक एखाद्या मराठी घरातील लग्नाच्या गोंधळासारखे वाटते, आणि त्याच्या चिरतारुण्याचे कारण बहुधा हेच असावे. तिसरे नाटक 'रामराज्यवियोग' अपुरे राहिले.

किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) हे बडोद्याहून आलेले नट. प्रथम स्त्रीभूमिका आणि नंतर पुरुषभूमिका करून त्यांनी गाणाऱ्या नटाचा पहिला आदर्श उभा केला. ते आणि व्हेर्दी एकाच वर्षी निवर्तले. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले त्यापुढच्या वर्षी, १९०२ साली. त्यामुळे भाऊरावांचा आवाज कसा होता हे आपल्याला केवळ समकालीनांच्या वर्णनांवरूनच जाणून घ्यावे लागते.

पद कसे बांधले जाते

ऑपेराचा संगीतकार शब्द हाती घेऊन त्यांना नवे स्वर देतो. मराठी नाट्यपदाची घडण बहुतेक वेळा याच्या उलट दिशेने होते. चाल आधीच अस्तित्वात असते : एखादी हिंदी बंदिश, ठुमरी, लावणी, आरती किंवा जुन्या नाटकातील लोकप्रिय पद. नाटककार त्या चालीच्या मात्रा मोजून तेथे मराठी शब्द बसवतो. म्हणूनच जुन्या छापील नाटकांत प्रत्येक पदाच्या वर राग, ताल आणि 'चाल' अशी नोंद आढळते. वाचकाला ती मूळ चाल ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असे. विद्यार्थ्यांनी एखादे जुने नाटक मुळातून चाळून पाहावे. त्या एका ओळीतून त्या काळी लोकांच्या कानांवर काय पडत होते याची कल्पना येते.

या पद्धतीचा भाषेवर परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही. तान घेण्यासाठी दीर्घ स्वर, विशेषतः आकार, सोयीचा असतो. बंदिशीतल्या ब्रज भाषेत असे मऊ, लांबवता येणारे शब्द भरपूर असतात. मराठीत जोडाक्षरे अधिक आणि क्रियापदांची रूपे कणखर, त्यामुळे पदकर्ते संस्कृत समासांकडे वळले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांच्या पदांत हे विशेष जाणवते. त्यांच्या गद्य संवादांना तलवारीची धार आहे. त्यांची कित्येक पदे मात्र गाण्याला उत्तम आणि अर्थाला दुर्बोध आहेत. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे याउलट आहे. त्यांचे पद बोलीच्या इतके जवळ असते की चाल काढून टाकली तरी वाक्य वाक्यच राहते. या दोघांपैकी कोणाची वाट नाटकाला अधिक मानवते याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखाचा कल देवलांकडे आहे, आणि त्याचे कारण 'शारदा' हे नाटक होय.

'शारदा' आणि नाशिकचे विजयानंद

'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. देवलांच्या सात नाटकांपैकी हे एकमेव स्वतंत्र नाटक. बाकीची संस्कृत किंवा पाश्चात्त्य कृतींवर आधारलेली आहेत. 'संशयकल्लोळ'चे मूळ मोलिएरपर्यंत जाते. तोवरची संगीत रंगभूमी पुराणकथा आणि अद्भुतरम्य राजकन्या यांतच रमली होती. देवलांनी तिच्यावर एका भिक्षुकाचे घर आणले. पैशाला भुललेला कांचनभट आपली कोवळ्या वयाची मुलगी शारदा हिचे लग्न भुजंगनाथ या धनवान म्हाताऱ्याशी ठरवतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. कोदंड नावाचा तरुण या विवाहाला विरोध करतो. अखेर विवाह मोडतो आणि जीव द्यायला निघालेली शारदा वाचते.

कथानक सरळ आहे. त्याची शक्ती पदांच्या योजनेत आहे. त्या काळच्या घरात चौदा वर्षांच्या मुलीने वडिलांसमोर लग्नाविषयी तोंड उघडणे शक्यच नव्हते. गद्य संवादात शारदा खरोखरच फारसे बोलू शकत नाही. ती बोलते ती मैत्रिणींत, आईजवळ किंवा एकटी असताना, आणि तेही पदांतून. नाटकाने तिला दिलेली एकमेव मोकळी जागा म्हणजे गाणे. देवलांनी या पदांना अवघड रागदारी दिली नाही. घरोघरच्या बायकांना म्हणता येतील अशा चाली त्यांनी वापरल्या, आणि ती पदे खरोखरच माजघरात पोहोचली. व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता'तील नायिकाही समाजाने गप्प बसवलेली स्त्री आहे आणि तीही गाण्यातच आपले म्हणणे मांडते. पण तिच्यामागे संपूर्ण वाद्यवृंद उभा असतो. शारदेच्या मागे एक ऑर्गन, एक सारंगी आणि तबला. शिवाय तिची भूमिका करणारा नट पुरुष असे.

मुलींसाठी संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ साली झाला होता आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. 'शारदा' त्या वादळाच्या पाठोपाठ आले. पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, त्यामुळे त्याचे नाव या नाटकावरून पडले असा समज मराठीत अनेकांचा आहे. प्रत्यक्षात ते विधेयक मांडणारे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून हे नाव आले. योगायोग मात्र इतका समर्पक आहे की हा समज खोडून काढताना थोडे वाईट वाटते.

याच नाटकाचा प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ठेवला होता. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपासाठी हा कार्यक्रम होता. जॅक्सन हे संस्कृतचे अभ्यासक म्हणून ख्यातनाम होते. त्याच वर्षी बाबाराव सावरकर यांच्यावर खटला होऊन त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली होती आणि त्या प्रकरणाशी जॅक्सन यांचे नाव जोडले गेले होते. नाट्यगृहात आलेल्या जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

युरोपच्या इतिहासात ऑपेरा आणि राजकारण यांची गाठ पडल्याचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. ब्रुसेल्समध्ये २५ ऑगस्ट १८३० रोजी ओबेरच्या 'ला म्युएत द पोर्तिची'चा प्रयोग पाहून बाहेर पडलेल्या लोकांनी दंगल सुरू केली आणि तिची परिणती बेल्जियमच्या स्वातंत्र्यात झाली. नाशिकची घटना या प्रकारची नव्हती. 'शारदा' पाहून कोणी पेटून उठले नाही. कट आधीच शिजला होता आणि नाट्यगृह हे केवळ साहेब हमखास भेटण्याचे ठिकाण होते. परंतु ते तसे ठिकाण का होते, याचा विचार केला पाहिजे. इंग्रज अधिकारी, वकील, व्यापारी आणि विद्यार्थी एका छपराखाली येतील अशी जागा त्या काळच्या जिल्ह्याच्या गावात दुसरी क्वचितच असे. संगीत नाटकाचे सामाजिक स्थान यातून जितके कळते तितके कौतुकाच्या लेखांतून कळत नाही.

या प्रकरणात पुढे शिक्षा भोगलेले विनायक दामोदर सावरकर हे नाशिकजवळच्या भगूरचे. अंदमानातून परतल्यानंतर त्यांनी स्वतःही संगीत नाटके लिहिली. त्यांचे 'संन्यस्त खड्ग' हे नाटक १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याला रामकृष्णबुवा वझे यांचे संगीत होते.

गायकांचे राज्य

खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले आणि गाण्याचे पारडे जड झाले. या नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी स्वतंत्रपणे चाली दिल्या. संगीतदिग्दर्शक ही वेगळी भूमिका मराठी रंगभूमीवर येथून सुरू झाली असे मानतात. टेंबे हे नामांकित पेटीवादक. ठुमरी आणि पूरब ढंगाच्या चाली त्यांनी नाटकात आणल्या. नायिका भामिनीची भूमिका नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी केली. प्रयोगाच्या दिवशीच त्यांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला होता आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही हकिकत मराठी रंगभूमीच्या इतिहासात आदराने सांगितली जाते.

१९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'ला भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्यासारख्या थोर ख्यालगायकाचे मार्गदर्शन लाभले आणि यमन, बिहाग, भीमपलास यांच्या बंदिशी मराठी शब्द लेवून सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या. त्या काळी मैफल ही संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या दिवाणखान्यात होत असे. तिकीट काढून राग ऐकण्याची सोय प्रथम नाटकाने केली. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताला जो मोठा श्रोतृवर्ग लाभला त्याचे श्रेय पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाइतकेच नाटक मंडळ्यांना दिले पाहिजे.

किंमतही मोजावी लागली. एका पदासाठी नाटक पंधरावीस मिनिटे थांबू लागले. रुक्मिणी कृष्णाची वाट पाहत आहे की प्रेक्षक तिसऱ्या वन्समोअरची, हे सांगणे कठीण झाले. प्रयोग रात्रभर चालत. दुसरीकडे असेही म्हणावे लागेल की बालगंधर्वांना यासाठी सरसकट दोषी धरणे अन्यायाचे आहे. त्यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर शब्दाचा उच्चार आणि भाव ते किती जपत हे दिसते. तीन मिनिटांच्या तबकडीतही पात्र हरवत नाही. बिघाड झाला तो त्यांची नक्कल करणाऱ्यांकडून.

याच काळात ललितकलादर्शचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे बालगंधर्वांचे तुल्यबळ स्पर्धक होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला : केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवरावांचे निधन झाले. गोव्यातील मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांची आक्रमक, वेगवान गायकी ही तिसरी वाट होती.

स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा या कालखंडाच्या अखेरीपर्यंत टिकली. युरोपीय ऑपेरात स्त्रीचा सोप्रानो आवाज रोमँटिक कालखंडातच केंद्रस्थानी आला होता. मराठीत हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ साली स्वतःची नाटक मंडळी काढली तेव्हा त्या दिशेने ठाम पाऊल पडले.

ओहोटी

'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला मराठी बोलपट. त्यातला गाणारा नायक होते गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचेच होते. संगीत नाटकाचे काय होणार हे या एका गोष्टीवरून उमजते. बोलपटाचे तिकीट स्वस्त होते, गाणी आटोपशीर होती आणि मंडळीचा शेपन्नास माणसांचा संसार गावोगाव हलवावा लागत नव्हता. भरजरी शालू, उंची अत्तरे आणि खऱ्या गालिच्यांवर खर्च करणारी गंधर्व मंडळी आधीच कर्जात होती. १९३५ साली स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथांच्या भूमिकेत दिसले.

याच सुमारास भावगीत हा स्वतंत्र गीतप्रकार मराठीत बहरला. रोमँटिक कालखंडात शूबर्टने सहाशेहून अधिक गीते लिहिली आणि कवितेला पियानोच्या साथीने घरगुती बैठकीत स्थान दिले. भावगीताने ग्रामोफोन आणि रेडिओच्या मदतीने तेच काम केले. कथेची किंवा पात्राची गरज नसलेले गाणे आता घरी ऐकता येत होते. मो. ग. रांगणेकर यांच्या 'कुलवधू'ने (१९४२) मोजकी, सुटसुटीत पदे घेऊन नाटक तगवले, आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या गायनाने ते गाजले. साठच्या सुमारास विद्याधर गोखले यांनी 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'मंदारमाला'द्वारे जुन्या भरजरी गायकीचे पुनरुज्जीवन केले. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'ने (१९६७) तर गाण्यालाच नाटकाचा विषय केले. दोन घराण्यांचे वैर हेच कथानक असल्यामुळे तेथे तान घेणे हीच कृती ठरते. पात्राचे की नटाचे, हा प्रश्नच त्यामुळे मिटतो.

नाशिकचे दोन नाटककार

वेगळे उत्तर शोधले ते नाशिकमध्ये राहून लिहिणाऱ्या वसंत कानेटकर आणि वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज यांनी, आणि त्यांना साथ दिली संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी. कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांचे 'मत्स्यगंधा' १ मे १९६४ रोजी धी गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले. पराशर, सत्यवती आणि देवव्रत यांची महाभारतातील कथा, पण मांडणी आधुनिक मनोविश्लेषणाची. पदे स्वतः कानेटकरांनीच लिहिली. रामदास कामत आणि आशालता वाबगावकर यांनी ती गायली.

अभिषेकी हे मंगेशीचे, कीर्तनाच्या वातावरणात वाढलेले आणि आग्रा घराण्याची तालीम घेतलेले गायक. त्यांना हवी तितकी तान घालता आली असती. त्यांनी ती आवरली. पदांची संख्या कमी केली, प्रत्येक पदाची लांबी बांधून दिली आणि चाल प्रसंगावरून ठरवली. तयार बंदिशीवर शब्द बसवण्याऐवजी शब्द वाचून चाल बांधण्याची, म्हणजे ऑपेराच्या संगीतकाराची पद्धत त्यांनी अधिक प्रमाणात स्वीकारली. राग ओळखू येतो, पण तो पात्राच्या मनःस्थितीपुढे धावत नाही.

१९६६ साली शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' आले. त्याचेही संगीत अभिषेकींचे. देवयानी मराठी संगीत रंगभूमीला नवखी नव्हती. खाडिलकरांच्या 'विद्याहरण'मध्ये (१९१३) ती कचाच्या प्रेमात पडलेली तरुणी होती; शिरवाडकरांच्या नाटकात ती विवाहानंतरची, दुखावलेली आणि दुखावणारी स्त्री आहे. दोन्ही नाटके एकापाठोपाठ वाचली तर अर्ध्या शतकात नाट्यपदाची भाषा किती बदलली हे दिसून येते. शिरवाडकर मुळात कवी असल्याने त्यांची पदे कविता म्हणूनही उभी राहतात. त्याच वर्षीच्या कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाली'मध्ये तर बोलणे आणि गाणे यांची सीमारेषाच पुसट केलेली आहे. पात्रे संवाद बोलता बोलता लयीत शिरतात. शाकुंतलातील साकी-दिंडीचे काम येथे वेगळ्या वेषात परतले असे म्हणता येईल.

अलीकडील काळ

राज्य शासनाच्या संगीत नाट्यस्पर्धेत जुनी नाटके दरवर्षी सादर होतात, आणि हौशी मंडळींनी ती जिवंत ठेवली आहेत. पूर्वी रात्रभर चालणारा खेळ आता तीन तासांत बसवला जातो. 'कट्यार'वर २०१५ साली चित्रपट निघाल्यावर नाट्यपदे पुन्हा तरुणांच्या कानांवर पडली.

नव्या नाटकांत प्राजक्त देशमुख या नाशिकच्या लेखक-दिग्दर्शकाच्या 'संगीत देवबाभळी'चा (२०१७) उल्लेख आवश्यक आहे. तुकारामांची पत्नी आवली आणि तिची सेवा करायला वेष पालटून आलेली रुक्मिणी, अशी दोनच पात्रे या नाटकात आहेत. त्याचे संगीत आनंद ओक यांचे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांनी या भूमिका रंगमंचावर स्वतः गाऊन साकारल्या. गाणे येते ते ओवी आणि अभंगाच्या अंगाने, दळण-कांडण आणि चुलीपुढची कामे चालू असताना. गाण्यासाठी कोणी काम थांबवत नाही. या नाटकासाठी देशमुख यांना २०२० सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.